पाचवी खाच

होडीच्या टाकीत काठी घालून पेट्रोल मोजायचं काम माझं. काठीवर खाचा मीच पाडल्या आहेत. नवरा एकटा जाळी टाकून आला, की पेट्रोल चार खाचा उतरतं. लग्नानंतर वर्षभर मीही सोबत जायचे, तेव्हा पाच उतरायचं. दोघांचं वजन ओढायचं, तर इंजिन जास्त पिणारच.

गेला महिनाभर तो एकटा जातो आणि पेट्रोल पाच खाचा उतरतं.

"कुणाला फिरवताय?" मी विचारलं.

"माशांना," तो हसून म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाळी शिवायला मी आणि फिरायला दुसरी. धक्क्यावर उभी राहून मी पाळत ठेवली. तो एकटाच निघायचा, एकटाच परतायचा. होडीचं नाक मात्र पाण्यात झुकलेलं असायचं, मी पुढच्या फळीवर बसले की झुकायचं तसंच.

माझी जागा होती ती.

आज त्याला ताप होता. म्हटलं, बघतेच आता. सकाळी एकटीने होडी काढली, त्याच्याच जागी जाळी टाकली आणि दुपारी परतले. वाटेत त्या फळीकडे शंभरदा पाहिलं. रिकामी होती.

तो चादर गुंडाळून धक्क्यावर उभा होता. माझ्याआधी त्यानेच काठी टाकीत घातली. पेट्रोल पाच खाचा उतरलं होतं.

महिनाभर मी त्याच्याकडे जशी बघत होते, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

"कोण होतं तुझ्याबरोबर?" त्याने विचारलं.