देवीला काय हवं

परातीत चार सुवासिनींचे हात मनगटापर्यंत बुडाले होते, पाचवा हात चार वर्षांच्या आवडीचा होता, आणि आवडी काही केल्या ‘पुरे’ म्हणत नव्हती.

कल्याणात जोशांच्या घरी धाकट्या मुलाच्या लग्नाचं बोडण चाललं होतं. पुरणावरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं अन्नपूर्णेच्या मूर्तीभोवती परातीत कालवायचं. काय कमी पडतंय ते कुमारिकेला विचारायचं, कारण त्या वेळी तिच्या तोंडून देवीच बोलते. आणि ती ‘पुरे’ म्हणेपर्यंत कुणी हात काढायचा नाही, असा शिरस्ता. त्यात आजवर कुणाला खोट सापडली नव्हती, कारण आजवर त्या पाटावर आवडी बसली नव्हती.

सुरुवात झकास झाली. प्रत्येक वेळी ती मूर्तीला कान लावायची, मान डोलवायची आणि निरोप सांगायची. देवीला दूध हवं. देवीला साखर हवी, मूठभर नको, वाटीभर. दही आंबट आहे असं देवी म्हणते. देवीच्या नाकात मध गेलाय, जरा पुसा. शेजारच्या लेलेकाकू हसून लाल झाल्या, आणि त्यांची सून मागे बसून मागेल ते ओतत राहिली.

“आता आणखी काय हवं गो देवीला?” आवडीच्या आजीने, घरच्या सासूबाईंनी, कौतुकाने विचारलं.

आवडीने पुन्हा कान लावला. या वेळी जरा जास्तच वेळ.

“देवीला ठाण्याला जायचंय,” ती म्हणाली. “आगगाडीतनं.”

लेलेकाकू पुन्हा हसल्या. आवडीच्या आईचा, मथुरेचा, हात मात्र कालवता कालवता थांबला. ठाणं तिचं माहेर. आठ दिवसांपूर्वी भावाचं कार्ड आलं होतं की वडलांची, अण्णांची, उजवी बाजू गेली आहे, बोलणं कळत नाही, पण तुझं नाव कळतं. सासूबाई म्हणाल्या, लग्नघर आहे, मग पाहू. लग्न झालं, मांडव परतला, मग बोडण आलं. ठाणं गाडीने तासाभरावर. गाडीची शिटी परसात ऐकू यायची, आणि मथुरा प्रत्येक शिटीला हातातलं काम थांबवायची.

त्यातून सासूबाईंनी सकाळीच तिला बजावलं होतं, पोरीला काही पढवू नकोस हो, देवीचं काम आहे. तिने खरंच पढवलं नव्हतं. पण हे आता कोण खरं मानणार होतं? सुनेने देवीच्या तोंडी आपले शब्द घातले असं एकदा सासूबाईंच्या मनात बसलं, की अण्णा असेपर्यंत काही ठाणं दिसायचं नाही.

देवी इथेच बरी आहे, असं सासूबाईंनी नातीला समजावलं. मध घालू का, म्हणून विचारलं. आवडीने मधाला कधी नाही म्हटलेलं त्या घराला माहीत नव्हतं, पण आज ती नाही म्हणाली. मग लाडू कबूल झाला, चांदीचे वाळे कबूल झाले. शेवटी सासूबाईंनी बागुलबुवा काढला. देवी बागुलबुवाला भीत नाही, असा तिकडून निरोप आला.

माश्या घोंघावायला लागल्या. अकरा वर्षांच्या नव्या नवरीचं नाक खाजत होतं, ती ते खांद्याला घासत बसली. बोडणाला पुरुषांना मज्जाव, त्यामुळे मामंजी ओटीवरूनच भुकेने दोनदा खाकरले. ‘पुरे’ काही येईना.

सासूबाईंचा आवाज खाली आला. त्या विचारत होत्या नातीला, पण बघत होत्या सुनेकडे.

“आवडे, हे तुला कुणी शिकवलं?”

मथुरेने डोळे मिटून घेतले.

“कुणी नाही,” आवडी म्हणाली. “आईच्या डोळ्यांत रोज धूर जातो, गाडीची शिटी झाली की जास्तच. म्हणून मी काल चुलीत पाणी ओतलं. तू मला मारलंस. चूल विझली, तरी तिच्या डोळ्यांत धूर गेलाच. मग मी देवीला सांगितलं.”

कालचा तो तांब्या, ती भिजलेली लाकडं आणि आवडीच्या पाठीवरचा धपाटा घरात सगळ्यांना ठाऊक होता. मथुरेला लाज वाटली, आणि लेकीची इतकी माया आली की तिला तिथून उठून जावंसं वाटलं. पण उठायची सोय नव्हती.

सासूबाईंनी मूर्तीवर आलेलं पुरण बोटाने बाजूला सारलं. सुनेला थेट सांगणं त्यांना या जन्मी जमण्यातलं नव्हतं. त्या अन्नपूर्णेलाच म्हणाल्या, “बरं तर. उद्या सकाळच्या गाडीने जावं. लेकीला घेऊन जावं, आणि वडलांना बरं वाटेतो राहावं.”

आवडीने मूर्तीला कान लावला.

“देवी म्हणते, पुरे.”

लेलेकाकूंनी हात काढला आणि बोटं निपटायला घेतली. नव्या नवरीने आधी नाक खाजवलं, मग सगळं नाक पुरणाने माखलं म्हणून जीभ चावली. कालवलेलं बोडण गाईला घालायचं, म्हणून आवडी तिला वर्दी द्यायला परसात पळाली.

मथुरेला मात्र हात काढता येईना. दुधा-पुरणाच्या लगद्याखाली तिची बोटं कुणीतरी घट्ट धरून ठेवली होती. सासूबाई मान वळवून लेल्यांच्या सुनेला ऊन पाणी आणायला सांगत होत्या, आणि पाणी पार निवून गेलं तरी चालेल अशा सावकाशीने सांगत होत्या.