कोणात किती

"म्हणजे आईच्या आजाराचं ते नाव आता चालत नाही?" मी नव्या डॉक्टरांना विचारलं. शेजारी आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

त्या नावावर आमचं घर तगलं होतं. लहानपणी शाळेतून आले की दप्तर ठेवण्याआधी मी आईचा चेहरा बघायचे. तिने ताट भिरकावलं की बाबा म्हणायचे, "हे तिने नाही गं केलं, तिच्या आजाराने केलं." आजार तिला होता, मला नव्हता. त्याच भरवशावर मी मूल होऊ दिलं.

"पूर्वी स्वभावविकारांचे कप्पे होते," डॉक्टर म्हणाले. "माणूस एखाद्यात बसायचा किंवा नाही बसायचा. आता कोणात किती, ते बघतो. हे थोडंफार सगळ्यांतच असतं."

"सगळ्यांत?"

"हो. माझ्यात, तुमच्यातही." ते हसले. मी आईचा हात धरून उठले.

बाहेर बाबांजवळ बसलेली माझी लेक मला बघून लगबगीने उठली आणि तिच्या हातातली बाटली निसटली. फरशीवर पाणीच पाणी झालं.

तिने पाण्याकडे पाहिलंच नाही. जागच्या जागी थिजून ती माझा चेहरा बघत होती.