पाचव्यांदा खोडलेली ओळ

ती ओळ आज पुन्हा उगवली होती.

फौजदारांनी चष्मा पुसून पाहिला. ओळ तिथेच. हे फौजदार पोलिसातले नव्हेत. लिफ्टच्या कारखान्यात प्रोग्रॅम लिहिणारे सगळ्यात जुने गृहस्थ. सख्खा भाऊ दारात आला तरी आधी पायपुसणं दाखवणार आणि मग ओळख, म्हणून हे नाव पडलेलं. प्रोग्रॅममध्येही तोच खाक्या. प्रत्येक मेथडच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याच्या, दारावर अट. हुकूम सोडणाऱ्याने अट पाळायची, मग मेथडने काम चोख करायचं. करार म्हणजे करार. ‘दार उघड’ या मेथडला त्यांनी एकच अट घातली होती: लिफ्ट थांबलेली असली पाहिजे.

आणि गेले पाच दिवस तिच्याखाली कुणीतरी दुसरी चिकटवत होतं: लिफ्ट मजल्यासमोर असली पाहिजे.

“थांबलेली लिफ्ट मजल्यासमोर नाहीतर काय झाडावर असणार?” फौजदार पुटपुटले आणि ओळ खोडली. पाचव्यांदा.

संगणकावर सगळे एकाच लॉगिनने काम करत, त्यामुळे बदलावर कुणाचं नाव उमटत नसे. पण संशयाला पुरावा लागतो कुठे? समोरच्या टेबलावर नवी मुलगी आली होती. फौजदार मागून गेले की स्क्रीन झाकायची. कालच गोड आवाजात विचारत होती, “काका, सकाळी सगळ्यात आधी कोण येतं हो इथे?” म्हणजे पाळत! उद्या ही लिफ्ट इस्पितळात बसणार. त्या आगंतुक अटीपायी तिथे दार अडलं, की खापर फौजदारांवर आणि खुर्ची हिला. डाव उघड होता.

दुपारी चाचणी. फौजदार स्वतःच रिकामं स्ट्रेचर घेऊन लिफ्टमध्ये शिरले. दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवायची सोयच नव्हती. मुलगी वर कंट्रोलरूममध्ये. वीज तोडायची एवढंच ठरलं होतं; तिने ती चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मध्येच तोडली. लिफ्ट गचका देऊन थांबली. वीज परत आली. प्रोग्रॅमने तपासलं: थांबलेली आहे? आहे. अट पूर्ण.

दार अगदी झोकात उघडलं.

फौजदारांनी सवयीने स्ट्रेचर पुढे ढकललं. ते विटांवर आपटलं. भिंत आणि लिफ्ट यांच्यात हातभर फट, फटीत चार मजले काळोख, आणि पुढची दोन्ही चाकं त्यावर लोंबत फिरत होती. फौजदारांनी दोन्ही हातांनी दांडा गच्च धरला.

लिफ्टमधला स्पीकर खरखरला. “काका, दार उघडलं की काय?”

“उघडलं.”

“अगं बाई! समोर काय आहे?”

“भिंत.”

“म्हणजे आजही खोडली मेल्याने! रोज संध्याकाळी ती ओळ घालून जाते, आणि सकाळी कुणीतरी मुद्दाम काढून टाकतं. चाचणी होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं मी, चोर सावध झाला असता. काका, खरं सांगा, तुमचा कुणावर संशय आहे?”

फौजदारांनी स्ट्रेचर आत ओढून घेतलं.

“संशय कसला, चोर सापडलाय. इथेच आत कोंडलाय. आधी बाहेर काढ त्याला, मग हवं ते बोल.”