घरात प्रिंटर नव्हता

अरे, तू फक्त ऐक. मध्ये एक शब्द बोलू नकोस.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, आता तुम्हीच बघा बाई. एक अक्षर टाईप करावं, भांडी घासून यावं, तेव्हा कुठे ते उमटतं." वहिनीचं कामच ते. लोकांची रेकॉर्डिंग्ज ऐकायची आणि घरी बसून टाईप करून द्यायची. गेल्या महिन्यापर्यंत लॅपटॉप कसा हरणासारखा पळत होता, आणि एकाएकी त्याची गोगलगाय झालेली.

धाकटा दीर म्हणजे घरचा फुकटचा डॉक्टर. कुणाचा फोन तापला, कुणाचा टीव्ही रुसला, की बोलवा याला. आणि यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला! बाह्या सरसावून जेवणाच्या टेबलाशी बसला. दादा टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला निघाला होता. जाता जाता म्हणाला, "कशाला डोकं फोडतोस? म्हातारा झालाय तो. टाकून देऊ."

"तीन वर्षांचा म्हातारा?" वहिनी म्हणाली. हसत हसतच म्हणाली हं. दादा हसला नाही. न्हाणीचं दार लागलं, पाणी सुरू झालं, वहिनी चहा टाकायला आत गेली.

धाकट्याने आधी बंद करून चालू केला. ढिम्म. जागा भरली असेल म्हणून पाहिलं, तर निम्मी रिकामी. व्हायरस शोधला, तोही नाही. मग आत काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. सगळ्यांच्या वर, सगळी ताकद एकटं खात, एक नाव बसलं होतं: प्रिंटर सेवा.

"वहिनी, प्रिंटर कधी घेतलात?" त्याने बसल्या जागेवरून विचारलं.

"प्रिंटर?" आतून आवाज आला. "इथे साधा स्टेपलर आणला तरी चौकशी बसते, भाऊजी!"

तो हसणार होता, पण नजर पुन्हा त्या नावावर गेली. ते नाव त्यानेच सुचवलेलं होतं रे! मध्यंतरी दादाचा फोन आला होता, दुकानातली पोरं कॉम्प्युटरवर टाइमपास करतात, लक्ष ठेवायला काही मिळतं का म्हणून. याने एवढ्या उत्साहाने सगळं समजावलं होतं. म्हणाला होता, "नाव प्रिंटरचं ठेव दादा, कुणाचा बाप बघत नाही. नेहमीच्या माणसाशिवाय दुसरं कुणी समोर बसलं की तुझा फोन वाजेल, फोटोही तिथेच येतील. फोटो मात्र बेताने काढ. दर सेकंदाला लावलंस तर मशीन बसेल."

दादाने दर सेकंदाला लावलं होतं.

फडताळावर चार्जिंगला लावलेला दादाचा फोन घुर्र झाला. हा लॅपटॉपसमोर बसल्यापासून तो सारखा वाजत होता. धाकट्याला वाटलेलं, दादाला किती मेसेज येतात!

त्याने फोटोंचं फोल्डर उघडलं. वहिनी टाईप करतेय. वहिनी जांभई देतेय. वहिनी मनगटाने डोळे पुसतेय. आणि प्रत्येक चेहऱ्याशेजारी त्या क्षणाच्या स्क्रीनचा फोटो. आज सकाळच्या एका फोटोत मैत्रिणीचा मेसेज उघडा होता. 'खोली मिळाली. लहान आहे गं, पण कडी आतून लागते.' खाली वहिनीचं उत्तर. 'उद्या हे माल आणायला गेले की निघते.'

दादाने हे पाहिलंय की नाही, काय माहीत. धाकट्याचं बोट पुसायच्या बटणावर गेलं. पुसून तरी काय, फोनमध्ये ते पोचलेलंच होतं. तेवढ्यात फोल्डरमध्ये नवा फोटो पडला. त्याचाच. तोंड उघडं, डोळे फाटलेले. मग रखडत रखडत आणखी एक आला. त्यातही तोच, पण त्याच्या खांद्यामागे वहिनी उभी. हातात कप. नजर स्क्रीनवर.

त्याने मागे वळून पाहिलंच नाही. धीरच झाला नाही त्याला.

 वहिनी अगदी हळू म्हणाली, "ह्यांना तर साधा फोटो पाठवता येत नाही, भाऊजी. हे शिकवलं कुणी?"



न्हाणीतलं पाणी थांबलं. वहिनीने कप टेबलावर ठेवला, याच्या पुढ्यात, एक थेंब न सांडता. दार उघडलं. दादा डोकं पुसत पुसतच बाहेर आला.

"काय डॉक्टर, सापडला का रोग?"

"काही नाही हो," याच्या आधी वहिनीच बोलली. आवाज कसा, नेहमीसारखा. "तुम्ही म्हणता तेच. म्हातारा झालाय. हो ना, भाऊजी?"

याने नजर स्क्रीनवरच ठेवली. स्क्रीनवर आणखी एक फोटो पडत होता, वरून खाली, पट्टी पट्टी करत. आधी ट्यूबलाइट, मग दादाचे ओले केस, मग वहिनीचे डोळे. ते डोळे सरळ याच्या पाठीकडे लागले होते.

फडताळावर फोन पुन्हा घुर्र झाला.

"कोण एवढं मरतंय मघापासून?" दादा म्हणाला. टॉवेल मानेवर टाकला आणि फोनकडे हात लांबवला.

आता बोल. त्या खुर्चीत तू असतास, तर काय केलं असतंस?