नवलचा आकडा

ताईबाईनं नवलच्या पँटच्या खिशातून गुटख्याच्या चार पुड्या काढल्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत चुलीत घातल्या.

"माय, एक तं ठेव!"

"एक बी नही. लगीन करनं शे का पुड्याच खान्या शेत?"

नवल एकतीस वर्षांचा. नरडाण्याच्या कारखान्यात सहा वर्षं रात्रपाळी करून पोट सुटलेला. चार मुलींनी नकार दिला होता. पाचवी कामिनी. तिनं होकार दिला, पण मध्ये उभा राहिला तिचा मामा जीवराम. कामिनीच्या थोरल्या बहिणीचं लग्न वर्षभरात मोडलं होतं. नवरा संसाराच्या उपयोगाचा नव्हता आणि सासरच्यांनी ते झाकून ठेवलं होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. जीवरामनं सरळ सांगितलं, "राग मानू नका अक्का. आधी मुलाची तपासणी, मग साखरपुडा."

तपासणी झाली आणि घराची रया गेली. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन म्हणून जे असतं, ते नवलचं हवं त्याच्या निम्मंच भरलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मात्र धीर दिला. "लगेच औषध नको. रात्रपाळी सोड, सात तास झोप. गुटखा बंद, दारू बंद. पोट उतरव, रोज घाम निघेपर्यंत चाल. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. सकाळी आठच्या आत द्यायचं, आणि आदल्या रात्री झोप पूर्ण हवी. जागरण केलं की आकडा घसरतो."

जीवराम तीन महिने थांबायला तयार झाला. जाता जाता नवलच्या बापाकडे, भटूकडे बघून हसला. "भाऊंचा आकडा काढला असता तर आजच टिळा लावला असता!"

त्यात खोटं काही नव्हतं. भटू अठ्ठावन्नचा, पण कधी विडीला हात लावला नाही. दिवसभर शेतात राबायचा आणि आठच्या ठोक्याला आडवा व्हायचा. अलीकडे तेवढा वाळला होता, कंबर धरून चालायचा. वय कुणाला चुकलंय? ताईबाईचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. भटू रात्रीतून तीन-चारदा उठायचा, दाराची कडी वाजायची आणि नवलची झोप मोडायची.

"पोऱ्यानी दवाई झोप शे, अन् तुम्ही रातभर कडी वाजाडतस!"

भटूनं आपली खाट बाहेर ओट्यावर नेली.

नवलनं दिवसपाळी मागून घेतली. फोन रात्री नऊला ताईबाईच्या पिठाच्या डब्यात जायचा. पहाटे तो शिवारात भराभर चालून यायचा. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. ताईबाईला वाटलं, आता सुनेचा पाय घराला लागतोच.

रक्त द्यायच्या आदल्या संध्याकाळी नवलच्या जिवलग मित्राची हळद होती. "नऊले घर येस, माय. तुनी आन," असं सांगून तो गेला. ताईबाई वाट बघत पडली आणि कधी डोळा लागला तिला कळलं नाही.

सकाळी ती दूध घालायला डेअरीवर गेली. परत आली तेव्हा धुळ्याच्या लॅबचा माणूस मोटारसायकलला किक मारत होता. भटू ओट्यावर कोवळ्या उन्हात हात दुमडून बसला होता. आत नवल तोंडावर गोधडी घेऊन गाढ झोपलेला.

"दिधं का रगत?"

"दिधं," भटू म्हणाला.

उपाशीपोटी रक्त गेलं, झोपू दे बापड्याला, असं म्हणत ताईबाईनं चहा ठेवला.

चार दिवसांनी सगळे धुळ्याला गेले. जीवरामही आला, पेढ्यांचा पुडा पिशवीत घेऊनच. डॉक्टरांनी रिपोर्टचं पहिलं पान वाचलं. "पाचशे ऐंशी! शाब्बास नवल."

जीवरामनं पुडा सोडला. ताईबाईला रडूच आलं. एवढ्यात डॉक्टरांनी दुसरं पान उलटलं. मग तिसरं, आणि पुन्हा दुसरं.

"लॅबनं पुरुषांच्या सगळ्याच तपासण्या केल्यात," ते सावकाश म्हणाले. "लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते. तिचा आकडा चारच्या आत हवा. हा दोनशे बारा आहे. आणखी तपासून खात्री करावी लागेल, पण मला कॅन्सर वाटतोय. बहुतेक हाडांत पसरलेला. या वयात असं मी अजून पाहिलं नव्हतं."

जीवरामनं पेढा पुड्यात परत ठेवला. "मी जरा कामिनीच्या वडिलांना फोन करून येतो," असं म्हणून तो बाहेर गेला. ताईबाईला कळलं, लग्न मोडलं. पण लग्नाचं आता कुणाला पडलं होतं?

नवल डॉक्टरांकडे बघतच नव्हता. तो बापाकडे बघत होता, तोंड उघडत होता, मिटत होता. भटूनं त्याचा गुडघा घट्ट दाबून धरला होता. लेकाला धीर देतोय बिचारा, ताईबाईला वाटलं. ती खुर्चीवरून उठली आणि तिनं डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकलं.

"साहेब, मना लेकले नको हो! त्यानी जागावर कोनले बी व्हऊ द्या, पन मना लेकले नको!"

भटू उठला. जीवरामच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यानं आधी दार लोटलं. मग हलक्या आवाजात म्हणाला,

"पोऱ्याले काहीच नही शे, साहेब. ते रगत मनं शे."