नदीवरचा फेस

नदीचं पाणी पिऊन दोन म्हशी दगावल्या, तेव्हा तेजलने वडिलांना शब्द दिला, "अण्णा, उपग्रहाच्या फोटोत सगळं दिसतं. पाणी नासल्याचा पुरावा मीच काढते." चिंचवडच्या ऑफिसात तिचं कामच ते होतं. फोटोतून ढग आणि धुरकं वजा करायचं आणि पाण्याचा खरा रंग शोधायचा.

पण चाकणजवळ, तिच्या गावापाशी नदीवर साचलेला पांढरा फेस संगणकाने ढग समजून पुसून टाकला.

"सर, तो फेस आहे. मी काठावर उभी राहून बघितलाय."

"असेल गं. पण एका गावासाठी पद्धत बदलत नाही."

ऑफिसचा नदीच्या पाण्यावरचा अहवाल आला, तेव्हा अण्णांनी विचारलं, "आपल्या गावाचं काय लिव्हलंय, पोरी?"

तेजलने वाचून दाखवलं, "वर्षभर ढगाळ. पाण्याची माहिती उपलब्ध नाही."