चेरीच्या वासाची तंबाखू

पप्पा एप्रिलमध्ये गेले, तेव्हा मी बोटीवर होतो. शवपेटी बंद करण्याआधी आईने त्यांचा पाइप त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवला.

नोव्हेंबरात मी उमेळ्याला घरी आलो. पप्पांनी मागवलेला चेरीच्या वासाच्या तंबाखूचा डबा सोबत होता. मृतांच्या दिवशी दुपारी ओटीवर बसून मी ती तंबाखू माझ्या नव्या पाइपात भरली. निखारा फुलत होता, तंबाखू जळत होती, पण माझ्या तोंडातून धूर निघेना. वासही येईना. दमट असेल म्हणून मी भराभर झुरके मारले.

संध्याकाळी आम्ही कबरीवर मेणबत्त्या लावायला गेलो. आई वाकली ती वाकलेलीच राहिली. मातीतून चेरीचा गोड वास येत होता.

"रॉबर्ट, जरा हळू ओढायची होतीस," ती म्हणाली. "त्यांना ठसका लागलाय."